टेट्रा रेडिओ आणि ऑफिसचं एक्सचेंज ई-१ वर जोडताना: आधी घड्याळ, आवाज सगळ्यात शेवटी

मागणी साधी असते. कंट्रोल रूमच्या टेबलावरच्या फोनवरून फिल्डमधल्या टेट्रा (डिजिटल वॉकीटॉकी) हॅण्डसेटला कॉल लागावा आणि हॅण्डसेटवरून ऑफिसचं एक्स्टेंशन फिरवता यावं. एका बाजूला टेट्राचा स्विच आणि त्याचा टेलिफोन गेटवे, दुसऱ्या बाजूला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज, आणि मध्ये ई-१ ची, म्हणजे अनेक कॉल एकत्र नेणाऱ्या डिजिटल टेलिफोन लाइनची केबल. केबल लागते, हिरवा दिवा लागतो, एक कॉल लागतो, सगळे टाळ्या वाजवून घरी जातात. मग महिनाभर तक्रारी येत राहतात: आवाजात मधूनच टक्‌ होतं, एकाच बाजूचं ऐकू येतं, स्वतःचंच बोलणं परत कानावर पडतं, आयव्हीआरला (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्राला) आकडे पोचत नाहीत. मग कार्ड बदललं जातं, सॉफ्टवेअर बदललं जातं, आणि दोष जागच्या जागी राहतो.

मी पाहिलेल्या अशा बहुतेक जोडण्यांत सामान चांगलं होतं, क्रम चुकला होता. क्रम असा ठेवा: कागद, घड्याळ, तार, फ्रेम, सिग्नलिंग, कॉल, आवाज. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही.

## सुरू करण्याआधी: इथे दोन वेगळे काळ आहेत

ई-१ मध्ये सेकंदाला ८,००० फ्रेम जातात. एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची, तिच्यात ३२ टाइमस्लॉट (वेळेचे कप्पे), प्रत्येक स्लॉट ६४ किलोबिटचा, एकूण २,०४८ किलोबिट. शून्य क्रमांकाचा स्लॉट फ्रेम ओळखण्यासाठी आणि सोळावा सिग्नलिंगसाठी (कॉल लावण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी), म्हणून बोलण्यासाठी ३० उरतात.

टेट्राची चाल वेगळी आहे. २५ किलोहर्ट्‌झच्या एका कॅरियरवर (रेडिओ वाहिनीवर) चार स्लॉट, चार स्लॉटची फ्रेम ५६.६७ मिलिसेकंदांची, आणि अशा १८ फ्रेमची एक मल्टिफ्रेम १.०२ सेकंदांची. बोलणं यातल्या १७ फ्रेममध्येच जातं, अठरावी कंट्रोलसाठी मोकळी ठेवलेली असते. १७ फ्रेम आणि प्रत्येकीत ६० मिलिसेकंदांचं बोलणं, म्हणजे बरोबर १,०२० मिलिसेकंद. अठराव्या फ्रेमची जागा अशी दाबून काढलेली आहे. हवेतला आवाज ४.५६७ किलोबिटचा, तारेतला ६४ किलोबिटचा. दोन्हींच्या मध्ये गेटवे उभा असतो. तो हवेतून तुकड्यातुकड्याने येणारा आवाज साठवतो, उलगडतो आणि ए-लॉमध्ये (तारेवर आवाज आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीत) बदलून सलग धारेत तारेवर सोडतो.

याचा अर्थ असा की रेडिओचा दुसरा स्लॉट आणि ई-१ चा दुसरा स्लॉट यांचं काहीही नातं नाही. मोबाइल नेटवर्कमधून आलेले मित्र इथे हमखास फसतात. जीएसएमच्या बेस स्टेशनकडे जाणाऱ्या ई-१ मध्ये एका ६४ किलोबिट स्लॉटचे १६ किलोबिटचे चार भाग करतात आणि हवेतल्या प्रत्येक स्लॉटला त्यातला एक भाग नेमून देतात, म्हणून तिथे तसा तक्ता लागतो. इथे तसा तक्ता करायला बसलात तर दिवस वाया जाईल.

## १. कागद

परवाना आधी वाचा. रेडिओ जाळं कोणत्या परवान्यावर चालतं आणि त्यात बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी जोडणीची मुभा आहे का, हे लेखी स्पष्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑफिसच्या आतल्या एक्स्टेंशनपुरतं जोडायचं असेल, तरी ईपीएबीएक्सवरून रेडिओचा कॉल बाहेरच्या ट्रंकवर (टेलिफोन कंपनीच्या लाइनवर) जाणार नाही असं कुलूप लावावं लागतं. ते कुलूप कोण लावणार, त्याचं नाव कागदावर हवं.

त्यानंतर मोजणी. ई-१ मध्ये ३० चॅनल आहेत म्हणून ३० कॉल चालतील, असं ऑफिसातले लोक धरून चालतात. दोन कॅरियरच्या साइटवर आठ स्लॉट असतात. एक कंट्रोलला गेला की सात उरतात. फोनचा प्रत्येक कॉल त्यातला एक पूर्ण स्लॉट धरून बसतो. एक टक्का कॉल नाकारले जातील असं धरलं तर सात स्लॉटवर सुमारे २.५ अर्लांग (एक अर्लांग म्हणजे एक लाइन तासभर सतत व्यस्त) भार चालतो, म्हणजे गर्दीच्या तासात तीन-तीन मिनिटांचे ५० कॉल. त्यातच सगळ्या ग्रुपचं बोलणंही बसवायचं आहे! म्हणून एका वेळी किती फोन कॉल चालू द्यायचे याची मर्यादा गेटवेवर घाला. सात स्लॉटच्या साइटला मी दोनपेक्षा जास्त देत नाही.

शेवटी नंबर. हॅण्डसेटचा आतला नंबर २४ बिटांचा असतो, पण लोकांनी काय फिरवायचं ते तुम्ही ठरवायचं. एक पहिला आकडा रेडिओसाठी राखून ठेवा आणि पुढे हॅण्डसेटचे चार आकडे. तो पहिला आकडा ईपीएबीएक्समध्ये दुसऱ्या कशासाठी वापरात नाही ना, हे तिथल्या ऑपरेटरला विचारा. कित्येकदा जुन्या इमारतीचा एखादा कोड तिथे दबून बसलेला असतो.

तपासा: दोन्ही बाजूंच्या माणसांनी सही केलेल्या एकाच पानावर या गोष्टी आहेत का? घड्याळ कुणाचं, कनेक्टर कोणता, सीआरसी-४ (फ्रेममधल्या चुका पकडणारी तपासणी) चालू की बंद, प्रोटोकॉल कोणता, नेटवर्क बाजू कोणाची, चॅनल क्रमांक कसे मोजायचे, कोण वरून आणि कोण खालून चॅनल शोधणार. ईमेलच्या लांबलचक साखळीत विखुरलेलं चालणार नाही, एक पान हवं.

## २. घड्याळ

या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. नीट वाचा.

ई-१ च्या दोन टोकांची घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालत असतील, तर घेणाऱ्या बाजूचा बफर हळूहळू भरतो किंवा रिकामा होतो, आणि मग एक अख्खी फ्रेम टाकून द्यावी लागते किंवा दोनदा वाजवावी लागते. याला स्लिप म्हणतात. बोलण्यात तो एक टक्‌ असा आवाज असतो, फॅक्समध्ये बिघडलेली ओळ आणि सिग्नलिंगमध्ये हरवलेला संदेश.

नियम एकच: साखळी वरून खाली उतरते. सार्वजनिक एक्सचेंजकडून येणाऱ्या पीआरआयवरून, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या ई-१ लाइनवरून, ईपीएबीएक्स घड्याळ घेतो. ईपीएबीएक्सकडून टेट्राचा गेटवे घेतो. म्हणजे गेटवेच्या लिंकवर ईपीएबीएक्स मालक आणि गेटवे अनुयायी.

यात तीन प्रकारे चूक होते. पहिली, दोन्हीकडे ‘इंटर्नल’, म्हणजे दोघंही आपापल्या घड्याळावर. जी.७०३ या मानकाप्रमाणे ई-१ च्या घड्याळाला ५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५०) इकडेतिकडे होण्याची सूट आहे. दोघं विरुद्ध दिशेला टोकाला गेले तर फरक १०० पीपीएम, म्हणजे दर सव्वा सेकंदाला एक स्लिप. दुसरी, दोन्हीकडे ‘लाइनवरून’, म्हणजे ईपीएबीएक्सच्या यादीत गेटवेची लिंकही संदर्भ म्हणून घातलेली. ही चूक फसवी आहे. दोघं एकमेकांच्या मागे धावतात, गेटवेच्या लिंकवर स्लिप शून्य दिसते आणि स्लिप उगवते सार्वजनिक पीआरआयवर. मग लोक टेलिफोन कंपनीशी भांडत बसतात. तिसरी चूक, ‘आमच्याकडे जीपीएस आहे’ म्हणून गेटवेला मालक करणं. जीपीएस हवेतल्या स्लॉटची वेळ साधण्यासाठी बेस स्टेशनला लागतं. ई-१ कार्डाच्या घड्याळाचा निर्णय वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

स्लिप मोजून नेमका फरक काढता येतो, आणि हे गणित पाठ करून ठेवण्यासारखं आहे: १२५ ला दोन स्लिपमधल्या सेकंदांनी भागा, उत्तर पीपीएममध्ये येतं. एका कारखान्याच्या एक्सचेंज रूममध्ये, बॅटरीच्या रॅकशेजारी, मी रात्री दहाला मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो होतो. गेटवेचा स्लिप काउंटर दर ४२ सेकंदांनी एकने वाढत होता. १२५ भागिले ४२, जवळपास ३ पीपीएम. केबल खराब असती तर आकडे असे ठरावीक अंतराने आले नसते. एवढा नेमका ताल दोन मोकळ्या क्रिस्टलचाच असतो. ईपीएबीएक्सचं कार्ड त्या आठवड्यात बदललं होतं आणि नव्या कार्डाची सेटिंग बनवणाऱ्या कंपनीकडून आली तशीच, ‘इंटर्नल’ होती. एक ओळ बदलली आणि काउंटर थांबला. त्याआधी तिथे दोन केबल आणि एक गेटवे कार्ड बदलून झालं होतं.

सावध: कार्ड बदललं, सॉफ्टवेअर चढवलं किंवा बॅकअप परत घातला की घड्याळाची सेटिंग पुन्हा डोळ्यांनी पाहा.

तपासा: केबल जोडल्यानंतर एक तास स्लिप काउंटर पाहा, दोन्ही टोकांना, आणि ईपीएबीएक्सच्या सार्वजनिक पीआरआयवरही. तिन्ही शून्य हवेत. दोन्ही टोकं उत्तम दर्जाच्या, पण स्वतंत्र घड्याळांवर असतील, तरी स्लिप ७२ दिवसांत एखादीच पडते. इथे तर एकच घड्याळ आहे, तेव्हा तासात एकही पडायला नको.

## ३. तार

ई-१ दोन प्रकारांत मिळतं: ७५ ओहमची कोअ‍ॅक्स जोडी, बीएनसी कनेक्टरसह, किंवा १२० ओहमची ट्विस्टेड जोडी, आरजे-४५ वर. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असेल तर मध्ये बलून, म्हणजे दोन्ही प्रकार जुळवणारा छोटा अडॅप्टर लागतो. नुसतं तारेला तार पिळून जोडलं तरी दिवा हिरवा होतो. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

आरजे-४५ वर एक जोडी १ आणि २ पिनवर, दुसरी ४ आणि ५ वर. क्रॉस केबल हवी असेल तर १ ला ४ आणि २ ला ५. कपाटातली नेटवर्कची क्रॉस केबल इथे चालत नाही, तिच्यात ३ आणि ६ वापरलेल्या असतात. तयार केलेल्या केबलवर ‘ई-१ क्रॉस’ अशी चिठ्ठी त्याच क्षणी चिकटवा.

सावध: गेटवे आणि एक्सचेंज वेगवेगळ्या इमारतींत असतील तर तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात एक वीज जवळपास पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक थेट कार्डावर येतो. फायबर आणि मक्स (ई-१ फायबरवर चढवणारं उपकरण) वापरा. ते शक्य नसेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा.

तपासा: दूरच्या टोकाला लूप करून (पाठवलेलं तसंच परत येईल असं जोडून) बिट एरर टेस्टर लावा. पंधरा मिनिटांत सुमारे १८४ कोटी बिट जातात, त्यात एकही चूक नको. ‘एकदोन चालतील’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, इमारतीतल्या इमारतीत एवढ्या तारेवर शून्यच यायला हवं.

## ४. फ्रेम

दोन्हीकडे एचडीबी-३ (तारेवर बिट पाठवण्याची पद्धत), दोन्हीकडे सीआरसी-४ सारखं. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल, तर काही कार्डं निमूट जुळवून घेतात आणि काही अलार्म देत राहतात, म्हणून नशिबावर सोडू नका.

अलार्म वाचायला शिकलात तर अर्धं काम झालं. सिग्नलच नाही असा अलार्म म्हणजे माझ्याकडे काही येत नाही: माझी रिसीव्ह जोडी किंवा समोरचा ट्रान्समिट पाहा. दूरच्या टोकाचा अलार्म, ज्याला सगळे पिवळा म्हणतात, त्याचा अर्थ उलट: मला समोरचं ऐकू येतंय, त्याला माझं येत नाही. आणि सगळे बिट एक येत असतील तर मधलं कुठलं तरी उपकरण सांगतंय की त्याच्या मागची लिंक तुटली आहे. तेव्हा मागे चालत जा.

## ५. सिग्नलिंग

हे काम थोडक्यात आटपतं, जर कागदाचं पान तयार असेल. सोळाव्या स्लॉटवर डी चॅनल, म्हणजे सिग्नलिंगचं चॅनल. एक बाजू ‘नेटवर्क’, दुसरी ‘युजर’. ईपीएबीएक्स सार्वजनिक पीआरआयवर युजर असतो, पण गेटवेच्या लिंकवर त्याला बहुधा नेटवर्क व्हावं लागतं. दोन्हीकडे युजर ठेवलं तर डी चॅनल कधीच उठत नाही. प्रोटोकॉलही सारखा हवा: एकीकडे क्यूसिग (खासगी एक्सचेंजमधला) आणि दुसरीकडे साधा डीएसएस-१ (सार्वजनिक लाइनवरचा) असं ठेवलं तर डी चॅनल उठतो, पण कॉल अडखळतात.

तपासा: ट्रेस लावा. कॉल नसतानाही दोन्हीकडून ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असे संदेश दिसले पाहिजेत. दहा मिनिटांत लिंक एकदाही पडून पुन्हा उठता कामा नये. पडत असेल तर परत दुसऱ्या पायरीवर जा.

## ६. कॉल

इथली सगळ्यात त्रासदायक चूक चॅनलच्या मोजणीची आहे. सोळावा स्लॉट सिग्नलिंगला गेल्यामुळे सोळावं बोलण्याचं चॅनल प्रत्यक्षात सतराव्या स्लॉटवर असतं. काही यंत्रं १ ते ३० मोजतात, काही १ ते १५ आणि १७ ते ३१. दोन्हींची भाषा जुळली नाही तर पहिले पंधरा कॉल उत्तम लागतात आणि सोळाव्यापासून कॉल लागतो पण कुणालाच काही ऐकू येत नाही. चाचणीत कुणी सोळा कॉल एकदम लावत नाही, म्हणून दोष पहिल्या गर्दीच्या दिवशी उघडा पडतो. यावर उपाय सोपा आहे. चाचणीत चॅनल हाताने निवडून १, १५, १७ आणि ३१ या चार स्लॉटवर एक-एक कॉल लावा आणि दोन्हीकडून बोला.

दुसरी गोष्ट, एक बाजू चॅनल खालून शोधेल आणि दुसरी वरून. नाहीतर दोघं एकाच क्षणी एकच चॅनल धरतात.

तिसरी, हॅण्डसेट. फोनवरचा माणूस बटण दाबून बोलत नाही. रेडिओचा कॉल दोन्हीकडून एकदम बोलता येणारा, म्हणजे डुप्लेक्स लावायचा. हॅण्डसेटला ती सोय नसेल किंवा त्याच्या प्रोफाइलमध्ये ती बंद असेल, तर रेडिओवाला बटण सोडेपर्यंत फोनवाल्याचे शब्द हरवतात, आणि तक्रार येते ‘एकतर्फी आवाजा’ची. तारेत शोधण्याआधी हे पाहा.

कॉल लागला नाही तर कारण-क्रमांक सांगतो:
- १: असा नंबरच नाही. नंबर योजना तपासा.
- ३४: मोकळं चॅनल नाही. गेटवेची मर्यादा गाठली असेल.
- ४४: मागितलेलं चॅनल मिळत नाही. मोजणी तपासा.
- ८८: समोरच्याला हा प्रकार चालत नाही. कॉल ‘स्पीच’ म्हणून जातोय ना?

सावध: आणीबाणीच्या कॉलला सगळ्यात वरचा अग्रक्रम, १५, तोच राहू द्या आणि फोनचे कॉल सर्वांत खालच्या पातळ्यांवर ठेवा. फोनवरच्या गप्पा तोडून आणीबाणीचा ग्रुप कॉल जातो का, हे प्रत्यक्ष बटण दाबून पाहा. ही चाचणी टाळलेली जोडणी मी स्वीकारत नाही.

## ७. आवाज

आता आवाज. आधी दोन्हीकडे गेन (आवाज वाढवण्या-कमी करण्याची सेटिंग) शून्य आणि दोन्हीकडे ए-लॉ. एक बाजू म्यू-लॉ या दुसऱ्या पद्धतीवर राहिली असेल तर शब्द कळतात पण फाटके, खरखरीत येतात, आणि शांततेतही घरघर ऐकू येते.

पातळी मोजण्यासाठी १,०२० हर्ट्‌झचा टोन वापरा, नेमका १,००० नको, कारण तो ८,००० ला पूर्ण भाग देतो आणि मोजणी फसवतो. पण हा टोन फक्त गेटवेपर्यंत. गेटवेच्या पलीकडे टेट्राचा कोडेक (आवाज दाबणारा आणि उलगडणारा भाग) आहे. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय, टोन त्यातून वाकडातिकडा निघतो. ‘हॅण्डसेटवर टोनची पातळी हलतेय’ म्हणून गेन फिरवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे माणसाचं बोलणंच ऐकायचं.

याच कारणाने आयव्हीआरचे आकडे आणि फॅक्स कोडेकमधून जात नाहीत. कॉल चालू असताना दाबलेला आकडा हॅण्डसेटने सिग्नलिंगच्या संदेशातून पाठवायचा आणि गेटवेने तारेवर खरा टोन वाजवायचा. ही सोय बहुधा असते, फक्त चालू करायची राहिलेली असते.

प्रतिध्वनीबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे. रेडिओवाल्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, कारण ईपीएबीएक्सच्या साध्या एक्स्टेंशनच्या हायब्रिडवरून (जिथे जाणारा आणि येणारा आवाज एकाच दोन तारांच्या जोडीवर येतात) तो उलटा फिरतो. रेडिओचा उशीर मोठा असल्यामुळे तो ठळक जाणवतो. त्यावर लोक कॅन्सलरची (प्रतिध्वनी पुसणाऱ्या भागाची) शेपटी, म्हणजे तो किती उशिरापर्यंतचा प्रतिध्वनी पकडतो ती मर्यादा, वाढवत जातात, रेडिओचा उशीर त्यात मावावा म्हणून. हे चूक आहे. गेटवेवरचा कॅन्सलर फोनच्या दिशेला तोंड करून बसलेला असतो. त्याला फक्त गेटवे ते हायब्रिड आणि परत एवढाच उशीर झाकायचा असतो. रेडिओचा उशीर त्याच्या पाठीमागे राहतो. इमारतीतल्या एक्स्टेंशनला छोटी शेपटी पुरते, बाहेरची ट्रंक जोडली असेल तरच मोठी लागते. तरीही प्रतिध्वनी राहिला तर फोनकडून परत येणारी पातळी पाहा. ती पाठवलेल्या पातळीपेक्षा निदान ६ डेसिबल खाली नसेल तर कॅन्सलर हतबल होतो आणि दोष एक्स्टेंशन कार्डाच्या जुळणीत असतो.

सावध: रेडिओचं एन्क्रिप्शन तारेवर पोचत नाही. ई-१ वर बोलणं उघडं जातं. गोपनीय ग्रुपच्या हॅण्डसेटना फोन कॉलची परवानगी देऊ नका आणि फिल्डमधल्या माणसांना हे स्पष्ट सांगा.

## ८. रात्र आणि सोपवणं

चोवीस तास चालू ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी स्लिप, सीआरसी चुका, डी चॅनल पडल्याची संख्या आणि नाकारलेले कॉल असे चार आकडे दोन्ही टोकांचे लिहून घ्या. मग मुद्दाम मोडून पाहा: ई-१ ची केबल काढा, एक मिनिटाने लावा, चालू कॉल स्वच्छ तुटतात का आणि रेडिओचे स्लॉट मोकळे होतात का ते पाहा. ईपीएबीएक्स बंद करून चालू करा. सार्वजनिक पीआरआय काढा आणि त्या वेळी ईपीएबीएक्स कोणत्या घड्याळावर जातो ते नोंदवा.

पहिल्या पायरीचं ते पान आता प्रत्यक्ष सेटिंगशी ओळीनेओळ ताडून पुन्हा छापा, तारीख घाला, प्लास्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. घड्याळाची ओळ लाल पेनाने अधोरेखित करा.